अ डबा, ब डबा आणि माझा वेगळा अभिप्राय

७ डिसेंबर, रविवार

केतकीने आज टीव्हीखालच्या फळीवरचे माझे दिवाळी अंक उचलून पलंगावर टाकले आणि तिथे दोन डबे मांडले. एक काळा, एक पांढरा. त्यांना गेम कन्सोल म्हणायचं, डबा म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडते. काळा तिचा स्वतःचा. पांढरा गुरुग्रामच्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडून महिनाभरासाठी आणलेला. चोवीस वर्षांची मुलगी, चांगली नोकरी आहे, आणि सुट्टीच्या दिवशी यूट्यूबवर मराठीतून या डब्यांबद्दल बोलत बसते. तीन हजार माणसं ऐकतात म्हणे. माझं घरात तिघंही ऐकत नाहीत, त्यात मी स्वतः एक.

तिला दोन्ही डब्यांच्या चित्रांची तुलना करायची आहे. म्हणाली, "बाबा, नेटवर सगळे चित्र चौपट मोठं करून सावल्यांच्या कडा मोजतात. मला बघायचंय की नऊ फुटांवर सोफ्यात बसलेल्या नॉर्मल माणसाला फरक दिसतो का."

नॉर्मल माणूस म्हणजे मी. मी म्हटलं, असं गंमत म्हणून नाही करायचं. इथे दिल्लीत केंद्र सरकारच्या खरेदी शाखेत चौतीस वर्षं काढली मी. छताच्या पंख्यापासून फोटोकॉपीच्या यंत्रापर्यंत हजार वस्तूंची तुलना केली आणि एकाही निवाड्यावर बोट ठेवायला कुणाला जागा ठेवली नाही. फेब्रुवारीअखेर निवृत्त होतोय, तेवढ्यात हे एक काम नीट करून दाखवतो.

नियम ठरवले. तीन जणांची समिती: मी, माझी बायको शालिनी आणि चौथ्या मजल्यावरच्या प्रभाताई. केतकी फक्त संयोजक, तिला मत नाही. पडद्याचे दोन भाग करायचे, एकच प्रसंग डावीकडे एका डब्यावरचा आणि उजवीकडे दुसऱ्यावरचा. काळा तो अ, पांढरा तो ब; कुठल्या बाजूला अ आणि कुठल्या बाजूला ब, ते केतकीने कागदावर लिहून लिफाफ्यात बंद करायचं. आपसात बोलायचं नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, नजर पडद्याच्या बरोबर मध्यावर ठेवायची, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा न्याय मिळतो.

केतकीने हे सगळं निमूट लिहून घेतलं. एरवी माझ्या नियमांना हसते, आज हसली नाही. समजूतदार होत चाललीये.

१० डिसेंबर

बेसमेंटच्या पार्किंगमधला तो खांब कुणी तिथे उभा केला त्याला एकदा भेटायचं आहे. लक्ष्मीबाई नगरचे जुने सरकारी क्वार्टर बसके होते, ओल यायची, पण माणसाला गाडी लावता यायची. आता हे नवे टॉवर, नववा मजला, लिफ्ट, आणि खाली अंधार. डावं दार आज पुन्हा घासलं. दोन महिन्यांत दुसऱ्यांदा.

शालिनी म्हणाली, "अहो, खांब जागचा हलत नाही."

मी म्हटलं, चारात एकच दिवा लावलाय, दिसणार काय कपाळ. तक्रार लिहून देणार आहे.

१४ डिसेंबर, रविवार

पहिली फेरी झाली. तीन प्रसंग दाखवले. पहिला, पावसाने ओल्या झालेल्या बाजारातली रंगीत पाट्यांची रोषणाई. दुसरा, गवताळ माळावरून जाणारा घोडेस्वार. तिसरा, अंधारी गुहा, आत तळं, आणि कंदील घेऊन चालणारा एक म्हातारा.

खरं सांगायचं तर मी थक्क झालो. घोड्याच्या आयाळीतला केसन् केस वेगळा. आमच्या वेळी व्हिडिओ गेम म्हणजे दोन पांढऱ्या काठ्या आणि एक ठिपका असायचा.

पण निवाडा म्हणजे निवाडा. माझ्या मते डावी बाजू स्पष्टपणे निकृष्ट. बाजारात डावीकडे ओल्या रस्त्यावर प्रतिबिंबंच नाहीत. माळावर डावीकडचं गवत विरळ. आणि गुहेत तर कमाल: उजवीकडे म्हातारा कंदील घेऊन चाललाय, डावीकडे म्हाताराच नाही. नुसती गुहा. एवढी ढोबळ त्रुटी मी फोटोकॉपी यंत्रातसुद्धा पाहिली नाही.

लिफाफा उघडला. डावा अ, उजवा ब. शालिनी आणि प्रभाताई दोघींनी लिहिलं होतं की फरक फार थोडा, पण अंधारात अ किंचित सरस, कंदिलाचा उजेड पाण्यावर जास्त खरा वाटतो.

मी विचारलं, "कुठला कंदील? डावीकडे कंदीलच नव्हता."

प्रभाताई म्हणाल्या, "होता की हो सूर्यकांतराव. म्हातारबुवा ठेचकाळतो पण तिथे."

प्रभाताई माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली बाई, आणि मला कंदील दाखवतेय. दोघी सिरियल बघतात, त्यांना नसलेलं दिसायची सवय आहे. मी माझा वेगळा अभिप्राय लेखी नोंदवला: 'अ डबा निकृष्ट. बहुमताशी असहमत.' केतकीला बजावलं की व्हिडिओत हा अभिप्राय जसाच्या तसा वाचायचा.

ती म्हणाली, "निकृष्ट म्हणजे घटिया ना?" मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, दिल्लीत वाढलात, मराठी विसरलात.

१६ डिसेंबर

केतकी म्हणाली, "बाबा, तुम्ही स्वतः एकदा खेळून बघा ना, त्याशिवाय काय कळणार?" मोटारींची शर्यत लावून दिली, संध्याकाळचा डोंगरातला रस्ता. चार वेळा खेळलो, चारही वेळा गाडी डाव्या कठड्यावर. हातातलं ते यंत्र डावीकडे ओढतं. मग दुसरा डबा लावला. तोही डावीकडे ओढतो. मोठमोठ्या कंपन्या, आणि एकालाही सरळ चालणारं यंत्र करता येत नाही. वहीत नोंद केली.

केतकीही काहीतरी लिहून घेत होती. पोरगी मेहनती आहे, हे मान्य करायला हवं.

२१ डिसेंबर, रविवार

आज खडाजंगी झाली. विषय काला अंब.

दरवर्षी १४ जानेवारीला, लढाईच्या दिवशी, आम्ही पानिपतला काला अंबच्या स्मारकावर जातो. महाराष्ट्रातून माणसं रात्र-रात्र प्रवास करून येतात, आम्ही दिल्लीत राहून गेलो नाही तर शोभत नाही. एकोणीस वर्षांत एकदाही चुकवलं नाही आणि एकोणीसही वर्षं गाडी मी चालवली. यंदा शालिनी, केतकी आणि प्रभाताई, तिघी बरोबर आहेत.

केतकी म्हणते, यंदा गाडी मी चालवते. मी म्हटलं, का? म्हणे धुकं असतं. धुकं काय यंदाच शोधून काढलंय? धुक्यात पहाटे निघून मी नऊच्या आत पोचवलंय सगळ्यांना. मग म्हणे, नाहीतर मराठी मंडळाच्या बसने जाऊ. या बयेला लायसन्स मिळून दोन वर्षं नाही झाली, आणि बापाला बसमध्ये बसवायला निघाली. हिला हायवेवर गाडी चालवायची हौस आहे, बाकी काही नाही.

शालिनी मध्ये पडली नाही. पोळ्या लाटत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "मला तुमच्या शेजारी बसायला भीती वाटते आताशा." पंचवीस वर्षांत या बाईने असं म्हटलं नव्हतं. मला लागलं ते. पण दोन ओरखड्यांवरून कुणी असं बोलतं का?

मीच तोडगा काढला. दुसरी फेरी घ्यायची. माझे पहिल्या आणि दुसऱ्या फेरीतले अभिप्राय एकमेकांशी जुळले, तर माझी नजर पक्की हे सिद्ध, मग गाडीचा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही जुळले, तर गाडी केतकीची. लेखी दिलं, सही केली. केतकीनेही सही केली. सही करण्याआधी कागद दोनदा वाचला, हरणार हे तिला कळलेलं दिसतं.

२८ डिसेंबर, रविवार

काय लिहू. आधी जे झालं ते क्रमाने लिहितो.

तेच तीन प्रसंग. तीच खोली, तोच सोफा, तेच अंतर. नजर मध्यावर. या वेळी मी फार बारकाईने बघितलं. निवाडा पुन्हा तोच: डावीकडे रस्त्यावर प्रतिबिंबं नाहीत, डावीकडचं गवत विरळ, डावीकडे म्हातारा नाही. डावी बाजू निकृष्ट. मी छाती पुढे काढून कागद दिला.

केतकीने लिफाफा उघडला. डावा ब, उजवा अ.

म्हणजे चौदा तारखेला मी अ निकृष्ट ठरवला आणि आज ब. शालिनी आणि प्रभाताईंनी मात्र दोन्ही वेळा अंधारात अ सरस असंच लिहिलं.

प्रभाताईंनी पदर सावरला आणि "चहा टाकते मी" म्हणून आमच्याच स्वयंपाकघरात गेल्या.

मी केतकीला म्हटलं, तू लिफाफे बदललेस. तुझ्याकडून घोळ झालाय. ती म्हणाली नाही झाला. मी म्हटलं झालाय, चौतीस वर्षं मी हेच बघत आलोय, संयोजकाच्या हलगर्जीपणाने फेऱ्या रद्द होतात. आवाज चढला माझा. जे बोलायला नको ते बोललो: तुला बापाला खोटं पाडून गाडीची किल्ली हवीये. फेरी रद्द म्हणजे पैजही रद्द, गाडी मीच चालवणार.

तिचे डोळे भरले, पण म्हणाली, "ठीक आहे बाबा. व्हिडिओ मी थांबवते. तुम्ही परत बघा, हवं तितक्या वेळा बघा." आणि आत गेली.

२९ डिसेंबर

कुणी बोलत नाही. कढी छान झाली होती.

३ जानेवारी

शालिनीबरोबर सरोजिनी नगरला गेलो, तिला शाल बघायची होती. गर्दी अशी की विचारू नका. एका बाईच्या पिशवीवर आदळलो, मग एका फेरीवाल्याच्या स्टँडवर. तो म्हणाला, "अंकल, देख के." मी त्याला चार शब्द सुनावले. शालिनी माझ्या उजवीकडून डावीकडे आली आणि दंड धरून चालू लागली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात अशी चालायची. मला बरं वाटलं.

केतकीशी मात्र अजून अबोला आहे. सही करून शब्द फिरवला, हे मला खातं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती. ठरवलंय, घोळ तिचाच होता हे पुराव्यानिशी सिद्ध करायचं, म्हणजे निदान शब्द फिरवल्याचा डाग पुसला जाईल.

८ जानेवारी, गुरुवार

दुपारची अर्धी रजा घेतली. घरी कुणी नाही. केतकीने रेकॉर्डिंग टीव्हीवर ठेवलेलंच आहे, ते लावलं आणि गुहेचा प्रसंग जिथे म्हातारा तळ्याकाठी येतो तिथे थांबवला. सोफ्यावर माझ्या जागी बसलो. नजर मध्यावर. उजवीकडे म्हातारा. डावीकडे नाही.

उठून टीव्हीजवळ गेलो, नाकाला काच लागेल इतक्या जवळ. डावीकडे म्हातारा होता. पाठीला पोक, हातात कंदील, पाण्यात उजेडाची थरथरती रेघ.

फायलीत पानाला लावायच्या पिवळ्या चिठ्ठ्या माझ्या बॅगेत असतात. एक काढून त्या म्हाताऱ्यावर चिकटवली. परत सोफ्यावर. नजर मध्यावर. चिठ्ठी नाही. पडली असेल म्हणून उठून गेलो, होती तिथेच. परत आलो, नाही. असं किती वेळा केलं मोजलं नाही. थेट तिच्याकडे बघितलं की दिसते, मध्यावर बघितलं की नाही. तिथे काळं दिसत नाही, धुरकटही दिसत नाही. तिथे गुहाच दिसते. मन आपलं भरून काढतं सगळं आणि मला पत्ताही लागू देत नाही.

नव्या लोकांना मी शिकवत आलो आहे: यंत्रात दोष दिसला की एकेक गोष्ट बदलत जा, आणि दोष कशाबरोबर जातो ते बघा. डबे बदलून झाले, बाजू बदलून झाल्या. दोष डाव्या बाजूला राहिला. न बदललेला फक्त मी आहे.

खाली बेसमेंटमध्ये गेलो. गाडीच्या डाव्या दारावर हात फिरवला. खांबाकडे पाठ करून उभा राहिलो आणि मला भीती वाटली. साधी, लहान मुलाला वाटते तशी. चौदा तारखेला पहाटे धुक्यात त्या तिघींना बसवून मी निघणार होतो, आणि डावीकडे काय आहे ते मला माहीत नसणार होतं.

संध्याकाळी केतकी आली. मी तिला टीव्हीवरची चिठ्ठी दाखवली. म्हटलं, मला ही सोफ्यावरून दिसत नाही.

ती खाली जमिनीवरच बसली. म्हणाली, "मला माहीत होतं बाबा."

दिवाळीच्या आधी सरोजिनी नगर मेट्रो स्टेशनवर ती माझ्या डाव्या हाताला उभी होती, आणि मी तिला नाव घेऊन हाका मारत होतो. तिला वाटलं मी चेष्टा करतोय. मग खांब झाला, मग शर्यतीतला कठडा. दुसऱ्या फेरीत बाजू तिने मुद्दाम बदलल्या होत्या.

मी म्हटलं, "मग सरळ सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. ऑक्टोबरमध्ये. डोळे दाखवून या म्हटलं तर तुम्ही म्हणालात, पुरावा काय? म्हणून मग तुमच्याच पद्धतीने केलं. दुसरं तुम्ही काहीच मानलं नसतंत, यार."

मला आठवतंय तसं म्हटल्याचं. राग यायला हवा होता, मुलीने बापाची परीक्षा घेतली म्हणून. आला नाही. मी तिला म्हटलं, लिफाफ्यांबद्दल मी जे बोललो ते चुकलं. ती माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडली. मीही रडलो. शालिनी दारातून आली ती चप्पल न काढता तशीच आमच्यापाशी येऊन बसली.

१० जानेवारी, शनिवार

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त. डॉक्टरीणबाईंनी एका यंत्रात हनुवटी ठेवायला लावून मध्यावर नजर ठेवा म्हटलं, आणि आजूबाजूला ठिपके दिसले की बटण दाबायला लावलं. नियम अगदी माझेच. शेवटी कागद छापून आला. त्यावर दोन्ही डोळ्यांच्या चित्रांत डावीकडे खाली काळा पट्टा होता.

मी विचारलं, हे परत येईल का. त्यांनी स्पष्ट सांगितलं, गेलेलं परत येत नाही. राहिलंय ते राखता येईल, रोज थेंब घालायचे, एक दिवस चुकवायचा नाही. आणि गाडी आजपासून बंद.

मी म्हटलं, बाई, चौतीस वर्षांत मी एक मस्टर चुकवला नाही, थेंब काय चुकवणार. त्या हसल्या. मला हसू आलं नाही, पण म्हटलं ते खरं म्हटलं. थेंबांचा तक्ता करून फ्रिजवर लावला आहे, तारीख, वेळ, सही. राहिलेलं मी सोडणार नाही.

११ जानेवारी, रविवार

केतकीचा व्हिडिओ आज लागला. काल रात्रीच तिला टिप्पणी लिहून दिली होती, आयुष्यात पहिल्यांदाच अशी: 'दोन्ही फेऱ्यांतले माझे अभिप्राय मागे घेत आहे. डबे निर्दोष. दोष परीक्षकाच्या दृष्टीत आढळला.' ती म्हणाली हे वाचायची गरज नाही. मी म्हटलं, वाच. अभिप्राय दिला तो सगळ्यांसमोर वाचायचा होता ना, मग मागे घेतला तोही सगळ्यांसमोर.

तिने वाचलं. खाली पहिलाच प्रतिसाद साताऱ्याच्या कुणा मुलाचा: माझे बाबापण जिन्यावर डावीकडेच धडपडतात, उद्या घेऊन जातो.

दोन्ही डब्यांत फरक आहे, पण सोफ्यावरून जेमतेम जाणवेल एवढाच, असा केतकीचा निष्कर्ष. मला तो मान्य आहे.

१४ जानेवारी, बुधवार

पहाटे साडेपाचला निघालो. बेसमेंटमध्ये किल्ली केतकीच्या हातात दिली. ती खांबाच्या बाजूने गाडी अलगद काढत होती आणि मी डाव्या सीटवर बसून पाय दाबत होतो, जणू ब्रेक माझ्याकडेच आहे. एकोणीस वर्षांची सवय.

सोनीपतपर्यंत मी हिला चार वेळा टोकलं. हळू, लाईट खाली घे, ट्रकच्या मागे नको. शालिनी मागून म्हणाली, "अहो, जरा तिळाची वडी खा, तोंड गुंतेल." प्रभाताई झोपल्या होत्या. धुकं एवढं की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसायचे. मनात सारखं येत होतं की आज माझ्या जागेवर ती आहे म्हणून बरं, आणि तसं मनात आल्याचं वाईटही वाटत होतं. दोन्ही खरं आहे.

काला अंबला गर्दी होती. सांगलीहून दोन बसगाड्या, नाशिकची मुलं भगवे फेटे बांधून. स्तंभापुढे उभा राहिलो. दरवर्षी मी पहिल्या रांगेत घुसून मान उंच करून बघतो. यंदा शालिनी माझ्या डाव्या बाजूला उभी होती, दंड धरून, आणि या वेळी ती का तिथे आहे हे मला माहीत होतं. मी तिचा हात झटकला नाही.

परत निघालो तेव्हा ऊन पडलं होतं. आतल्या रस्त्यावरून मोठ्या रस्त्याला लागताना डाव्या हाताला ट्रॅक्टर-ट्रॉली उभी होती, तिच्यामुळे केतकीच्या जागेवरून काही दिसत नव्हतं. केतकीने गाडी थांबवली आणि नेहमीच्या सवयीने, पुढे बघतच विचारलं, "बाबा, डावीकडून काही येतंय?"

महिन्याभरापूर्वी मी या प्रश्नाला बेधडक 'काही नाही, चल' म्हटलं असतं.

मी म्हटलं, "मला दिसत नाही, केतू. तूच बघ."

तिने पट्टा सोडला, माझ्या अंगावरून वाकून माझ्या खिडकीतून डावीकडे बघितलं. एक बस येत होती. ती जाऊ दिली, आणि मग आम्ही निघालो.